वारसा मागणाऱ्यांनी भावंडे ओळखावीत

पापक्षमेवर आणि तारणावर मराठी ख्रिस्ती मंडळीत व्याख्याने उदंड झाली. देव माणसाला आपले लेकरू म्हणून घरात घेतो, ही शिकवण मात्र प्रवचनाच्या शेवटी दिलाशापुरती उरली. पौलाच्या पत्रांत तिची जागा अशी कडेची नाही. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय आणि गलतीकरांस पत्राचा चौथा अध्याय शेजारी ठेवून वाचले की कळते, दास होता तो लेक झाला आणि लेक झाला म्हणून वारस झाला, या एका सूत्रावर त्याचे सारे विवेचन उभे आहे. माझे म्हणणे असे की, हे सूत्र मराठी मुलखात खरे उमगले ते नगर जिल्ह्यात, आणि तेही धर्मशास्त्राच्या वर्गापेक्षा भजनात आणि घरच्या पंक्तीत. बापाला हाक मारणाऱ्याला भावंडे नाकारता येत नाहीत, हा त्या समजुतीचा गाभा होता.

दत्तकाची भाषा कोरड्या कायद्याची, ती भक्तीला मानवत नाही, असा एक आक्षेप जाणकारही घेतात. तो मला पटत नाही. दत्तक म्हणजे काय हे मराठी माणसाला कुणी शिकवावे लागले नाही. 1848 साली साताऱ्याच्या गादीचा दत्तक इंग्रजांनी नामंजूर केला आणि राज्य खालसा झाले, ही जखम या मुलखाने भोगलेली आहे. शिवाय धर्मशास्त्राने सांगितलेला दत्तक बहुधा मुलगाच, तोही आपल्याच जातीतला, आणि घेणाऱ्याचा वंश व पिंडदान चालावे म्हणून घेतलेला. रोमन रिवाजातही कुळ आणि मालमत्ता राखणे हाच मुख्य हेतू असे. पौलाने ही चौकट उचलली आणि आतला हेतू उलटा केला. त्याच्या देवाला वंश खुंटण्याची धास्ती नाही. घेण्यात त्याचा लाभ नाही, लाभ सगळा येणाऱ्याचा. गलतीकरांच्या तिसऱ्या अध्यायात यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हे भेद गळून पडतात आणि लगोलग वारसाचा विषय निघतो, हा योगायोग नव्हे. जात पाहून दत्तक घेणाऱ्या समाजात ही शिकवण कोरडी राहणे शक्यच नव्हते.

अमेरिकन मराठी मिशन 1831 च्या अखेरीस नगरला आले, 1839 मध्ये हरिपंत खिस्ते या ब्राह्मणाचा बाप्तिस्मा झाला, 1842 मध्ये मिशनचे नियतकालिक ‘ज्ञानोदय’ निघाले. हा क्रम वाचकांना पाठ आहे. खरी गोष्ट पुढे सुरू होते. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाचा बाज मंडळीत आणला आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी त्या बाजाला काळीज दिले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्या भजनांत ख्रिस्त न्यायासनावर कमी आणि माउलीच्या रूपात जास्त भेटतो. पौलाचा वारसाहक्क त्यामुळे पातळ झाला, ही वारकरी भाषेची उसनवारी आहे, अशी टीका होते. पण पौलाच्या मांडणीतही हक्काचा पुरावा कागदावर नसतो. आतला आत्मा ‘अब्बा’, म्हणजे बापा, अशी हाक मारतो, ती हाकच पुरावा. तेव्हा टिळकांनी पौल सोडला नाही. त्याच्या युक्तिवादातला सर्वांत ऊबदार भाग त्यांनी मराठीत गाता येईल असा केला.

आणि ही केवळ काव्यातली माया नव्हती. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, 1900 मध्ये, राहुरीला. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ नीट वाचले तर दिसते की त्यांची अडचण ख्रिस्त ही नव्हती. पाणी, चूल आणि पंगत ही होती. कुणाच्या हातचे प्यायचे, कुणाशेजारी बसून जेवायचे, या प्रश्नांपाशी त्या अडून राहिल्या आणि जाती देवाने केलेल्या नाहीत, हे मनाशी पक्के झाल्यावरच पुढे गेल्या. सिद्धान्ताची याहून प्रामाणिक परीक्षा मला मराठीत दुसरी ठाऊक नाही. देवाला बाप म्हणण्याआधी त्यांनी त्याची बाकीची लेकरे आपली मानली. त्या घरात पुढे परकी पोरेही वाढली.

सर्व माणसे जन्मतःच देवाची लेकरे आहेत, मग दत्तकाचे प्रयोजन काय, हा सर्वांत जड आक्षेप. नगरला 1878 मध्ये धर्मशिक्षणाची शाळा उभारणारे रॉबर्ट ह्यूम याच प्रश्नाच्या आसपास अडचणीत आले होते. ज्यांच्या कानी सुवार्ता पडलीच नाही त्यांनाही मरणोत्तर संधी असू शकेल, या मताच्या बाजूने ते अमेरिकेत बोलले आणि त्यांचे हिंदुस्थानात परतणे काही काळ अडवले गेले. टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, त्यात तर बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. या दोघांनी दत्तकाची शिकवण मोडीत काढली असे मी मानत नाही. निर्मितीमुळे सर्व देवाचे आहेतच. दत्तकाने ते नाते ओळखीचे आणि जबाबदारीचे होते. दार उघडे ठेवल्याने घराचे घरपण जात नाही.

‘ही सारी दुष्काळातली भाकरीची माणसे’ हा टोमणा जुना आहे. 1899-1900 च्या दुष्काळात मिशनने अनाथ मुले सांभाळली, हे खरेच आहे. पण उपाशी पोराला आधी घरात घेणे आणि मग नाव देणे, हाच तर दत्तकाचा क्रम. पौलाच्या मते कुणीही पात्रता दाखवून लेक होत नाही. यापेक्षा बोचरा आक्षेप निराळा आहे. मंडळीत येऊनही जात सुटली नाही, सोयरिकी जुन्याच वेशींत राहिल्या. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण रोमकरांच्या आठव्या अध्यायात दत्तक मिळालेलेही आहे आणि वाट पाहण्याजोगे उरलेलेही आहे. या उरलेपणाचा आधार घेऊन स्वस्थ बसणे हा त्या अध्यायाचा अपमान ठरेल. भावंडांमधली भिंत उभी असेल तितके दत्तक अपुरे आहे, एवढाच त्याचा सरळ अर्थ.

हल्ली नेमके हेच विसरले गेले आहे. राजाची लेकरे म्हणून आशीर्वाद, नोकरी, गाडी यांवर हक्क सांगणारी प्रवचने गावोगाव चालतात. रोमकरांच्या त्याच आठव्या अध्यायात वारसदारांना ख्रिस्ताच्या दुःखातही वाटा आहे, ते वाक्य कुणी वाचत नाही. टिळकांची भजने बाजूला पडून भाषांतरित कोरस आले, आणि त्या कोरसांत ‘मी’ फार, ‘आम्ही’ थोडे. दुसरीकडे, प्रत्यक्ष दत्तकाचे पाहिले तर 1956 चा हिंदू दत्तक कायदा ख्रिस्ती लोकांना लागू नाही. पोर घरात घ्यायचे तर 1890 च्या पालकत्व कायद्यावर भागवावे लागे, आणि त्यात पालक होता येई, आईबाप नव्हे. बालन्याय कायद्याने या शतकात ती वाट मोकळी केली. दत्तकावर ज्यांची श्रद्धा उभी आहे, त्या समाजाने या हक्कासाठी सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने बोलायला हवे होते. आता वाट मोकळी आहे. नगरच्या मंडळ्यांनी उपासनेत टिळकांची भजने पुन्हा लावावीत, आणि सोयरिकीत, पंक्तीत, अनाथ पोराला घर देताना जात विचारणे बंद करावे. ही दोन्ही कामे एकच आहेत, आणि ती होत नाहीत तोवर वारसा मागण्याचा अधिकार आपल्याला नाही.