राजाच्या फुटपट्टीने मोजलेली वाट

फ्रान्सच्या कायद्यात एक चमत्कारिक आकडा आहे : ३ मीटर २५ सेंटीमीटर. सरकारी मालकीच्या नदीकाठी तुमची जमीन असेल, तर काठाला लागून एवढी पट्टी मोकळी ठेवायची. तिथे कुंपण घालायचं नाही, झाड लावायचं नाही. जमीन तुमच्याच नावावर राहील, पण त्या पट्टीवरून पायी जाणाऱ्याला तुम्ही अडवू शकत नाही.

ठीक आहे, पण ३ का नाही? साडेतीन का नाही? नेमकं सव्वातीन कुणी ठरवलं? बरं, हा आकडा एकटाही नाही. जिथे नावा ओढण्याची वाट आहे, तिथे ७ मीटर ८० सेंटीमीटर जागा सोडायची आणि ९ मीटर ७५ सेंटीमीटरपर्यंत झाड किंवा कुंपण नको. हे आकडे ठरवणाऱ्या माणसाला गोल आकड्यांचं वावडं होतं की काय?

उलट, त्याला गोल आकडेच आवडत होते. फक्त त्याच्याकडे मीटर नव्हता. मीटर जन्माला आला फ्रेंच राज्यक्रांतीनंतर. त्याआधी पॅरिसमध्ये राजाचा फूट चाले, आपल्या ओळखीच्या इंग्रजी फुटापेक्षा थोडा मोठा, ३२.४८ सेंटीमीटरचा. आता त्या तिन्ही आकड्यांना ३२.४८ ने भागून पाहा. दहा फूट. चोवीस फूट. तीस फूट. अगदी चोख!

हे माप ऑगस्ट १६६९ चं आहे. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने पाणी आणि जंगलं यांच्याबद्दल एक लांबलचक फर्मान काढलं. नावा ज्या काठावरून ओढल्या जातात तिथे घोड्यांसाठी चोवीस फूट वाट, तीस फुटांच्या आत झाड किंवा कुंपण नाही, आणि समोरच्या काठावर दहा फूट मोकळे. राजा गेला, राजेशाही गेली, क्रांती झाली, साम्राज्यं आली आणि बुडाली. १८४० पासून मीटर सक्तीचा झाला, तेव्हा जुन्या फुटांचं मीटरमध्ये रूपांतर झालं इतकंच. पट्टी जिथल्या तिथे. आज फ्रान्सच्या एखाद्या नदीकाठी सुट्टीत चालायला आलेला माणूस चौदाव्या लुईच्या फुटपट्टीने आखलेल्या वाटेवर पाय टाकत असतो, आणि बहुधा त्याला याचा पत्ताही नसतो.

पण राजाला नदीकाठच्या दहा-वीस फुटांची एवढी काळजी का? कारण रेल्वे नव्हती, रस्ते चिखलाचे होते, आणि जड माल हलवायचा तर नदीशिवाय इलाज नव्हता. प्रवाहाबरोबर खाली जाणं सोपं. वर कसं यायचं? नावेला दोर बांधायचा आणि काठावरून माणसांनी किंवा जनावरांनी ती ओढायची. नाव आणि ओढणारा यांच्यामध्ये एक झाड जरी आलं तरी दोर अडकणार, नाव थांबणार. म्हणून झाडाला बंदी. म्हणजे ही वाट पायी फिरणाऱ्यांच्या सुखासाठी नव्हतीच. ती दोरासाठी होती.

हा दोर माणसाला कुठवर घेऊन गेला ते पाहायचं असेल तर दक्षिण फ्रान्समधल्या लॉट नदीकाठी चला. सेव्हेनच्या डोंगरांत उगम पावून सुमारे ४८० किलोमीटर पश्चिमेकडे वाहत ती गारोन नदीला मिळते, आणि गारोन तिचं पाणी बोर्दोकडे नेते. वाटेत काओर हे शहर लागतं. तिथल्या गडद रंगाच्या वाइनचा मोठा बाजार बोर्दोला होता, म्हणून सपाट तळाच्या नावा पिंपं भरून खाली जात. काठावरचं सँ-सिर्क-लापोपी हे कड्याच्या टोकावर चढून बसलेलं गाव तर लाकडाच्या कातकामासाठी नावाजलेलं होतं. तिथले कारागीर पिंपांना बसवायच्या लाकडी तोट्या करत. एका गावाचं पोट तोट्यांवर चालतं, ही गोष्ट मला वाइनपेक्षाही नवलाची वाटते.

नकाशावर लॉट पाहिली तर हसू येतं. सरळ जाणं तिला माहीतच नाही. काओर शहर एका वळणाच्या कवेत बसलं आहे. थोडं पुढे लूझेकला नदी जवळजवळ पूर्ण फेरी मारून स्वतःपाशी परत येते, मध्ये फक्त जमिनीचा चिंचोळा पट्टा उरतो. सपाट मैदानात नदी अशी वळणं घेते हे आपण शाळेत शिकलो. पण इथे तर दोन्ही बाजूंना चुनखडीचं कठीण पठार आहे! दगडात नदी नागमोडी कशी गेली?

ती वळणं आधीची आहेत. नदी जवळजवळ सपाट जमिनीवर आळसावल्यासारखी वाहत होती, तेव्हाची. मग लाखो वर्षं जमीन हळूहळू वर उचलली गेली. नदीने वळणं सोडली नाहीत, ती आहे त्याच वाटेने खाली कापत गेली. वेटोळं केलेली तार तापवून मेणावर ठेवली तर ती वेटोळ्याच्याच आकारात खाली उतरेल ना? तसंच. मेणाच्या जागी इथे ज्युरासिक काळातल्या समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक आहे, आणि तापलेल्या तारेऐवजी फक्त पाणी, वाळू आणि वेळ.

वळणावर पाणी बाहेरच्या काठावर आदळतं. तो काठ झिजत झिजत उभा कडा होतो. आतल्या काठावर पाणी मंदावतं, गाळ टाकतं, तिथे सपाट सुपीक शेतं आणि अक्रोडाच्या बागा होतात. आता नाव ओढणाऱ्याच्या जागी स्वतःला उभं करा. सपाट काठाने दोर खांद्यावर घेऊन निघालात, छान चाललंय, आणि समोर कडा थेट पाण्यात उतरलेला. वाटच संपली. कोल्बेरच्या फर्मानाने शेतकऱ्याला हटवता येतं, कड्याला कोण हटवणार?

बूझिएस आणि सँ-सिर्क-लापोपी यांच्यामध्ये गानिल नावाच्या जागी हाच प्रश्न उभा राहिला. उत्तर म्हणून १८४० च्या दशकात तिथे कडाच कोरला गेला. पूर्ण बोगदा नाही. नदीच्या बाजूने उघडा, अर्धा बोगदा म्हणा. डाव्या-उजव्या बाजूंपैकी एकीकडे खडकाची भिंत, डोक्यावर खडकाचं छत, दुसरीकडे थेट पाणी. बोगदा पूर्ण का नाही, हे दोर आठवला की लगेच कळतं : ओढणारा आत आणि नाव बाहेर, मग मधली भिंत ठेवून कसं चालेल?

एवढी मेहनत केली आणि मग काय झालं? रेल्वे आली. माल रुळांवर गेला, काही दशकांत नावा थांबल्या. डोंगर फोडून केलेल्या वाटेवरून ओढायला काही उरलं नाही. १९८० च्या दशकात दानिएल मोनिए या शिल्पकाराने त्याच खडकाच्या भिंतीवर नदीतलं जग कोरलं, मासे, शिंपले, पाण्याच्या लाटा. आज तिथून जीआर ३६ ही लांब पल्ल्याची पायवाट जाते, जी नॉर्मंडीच्या समुद्रकिनाऱ्यावरून निघते आणि पिरेनीज पर्वतापर्यंत पोचते. आणि कायदा? दहा फुटांच्या पट्टीवर आधी नावाड्यांचा हक्क होता, पुढे गळ टाकून बसणाऱ्यांना तो मिळाला, आणि साध्या पायी फिरणाऱ्याचं नाव त्यात घातलं गेलं डिसेंबर २००६ मध्ये. फर्मानानंतर ३३७ वर्षांनी!

पण काही कामधंदा नसताना, माल नसताना, देवदर्शनही नसताना, नुसतं चालायला रानात जायचं, ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली? एक उत्तर आहे क्लोद-फ्रांस्वा दनकूर. नेपोलियनच्या सैन्यातला हा जुना शिपाई पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या जंगलाच्या प्रेमात पडला. १८४२ पासून त्याने झाडांवर आणि खडकांवर निळ्या खुणा रंगवून वाटा आखायला सुरुवात केली आणि वाटसरूंसाठी मार्गदर्शिका छापल्या. पदरचे पैसे घालून. अनोळखी माणूस वाटाड्याशिवाय रानात शिरून संध्याकाळी सुखरूप बाहेर येऊ शकतो, ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

पुढची उडी शंभर वर्षांनंतरची. ज्याँ लुआझो या वास्तुरचनाकाराच्या मनात देशभर जोडलेल्या पायवाटांचं जाळं होतं. १९४७ मध्ये त्यासाठी समिती झाली आणि ऑगस्टअखेर ल्वार नदीकाठी ऑर्लेआं ते बोझांसी हा पहिला तुकडा खुला झाला. तीस किलोमीटरच्या आतबाहेरचा. १९४७ म्हणजे महायुद्ध संपून जेमतेम दोन वर्षं, पाव अजून रेशनवर. अशा दिवसांत काही माणसं रंगाचा डबा घेऊन झाडांवर पट्टे मारत होती! तीच वाट आज जीआर ३ म्हणून ल्वारच्या उगमापासून समुद्रापर्यंत जाते, हजाराहून जास्त किलोमीटर.

त्यांनी ठरवलेली खूण तळहातावर मावते : वर पांढरा पट्टा, खाली लाल. या खुणेचं व्याकरण पाहा. दोन आडवे पट्टे म्हणजे वाट बरोबर आहे. त्यांच्याखाली वळलेला बाण म्हणजे आता वळा. त्याच दोन रंगांची फुली म्हणजे इकडे येऊ नका. संपलं! एक अक्षर नाही, एक शब्द नाही. फ्रेंचचा गंध नसलेला माणूसही हे वाचत समुद्रापासून पर्वतापर्यंत जाईल. जवळच्या गावाभोवतीच्या छोट्या फेऱ्यांसाठी पिवळा पट्टा, एखाद्या प्रदेशाच्या मोठ्या प्रदक्षिणेसाठी पिवळा आणि लाल. यातली खरी खुबी नवख्याच्या लक्षात येत नाही. खूण फक्त फाट्यावर नसते, फाटा ओलांडल्यावर थोडं पुढेही असते, कारण चुकण्याची भीती माणसाला वळताना नाही, वळून गेल्यावर वाटते. शिवाय वाट दोन्ही बाजूंनी चालली जाते, म्हणून रंगवणाऱ्याला तीच वाट उलटीही वाचावी लागते.

हे सगळं रंगवतं कोण? हजारो स्वयंसेवक, बरेचसे निवृत्त, रीतसर शिकून आलेले. फ्रान्समधल्या खुणा केलेल्या वाटांची लांबी १ लाख ८० हजार किलोमीटरहून जास्त आहे. पृथ्वीला चार फेऱ्या मारून उरेल एवढी.

नदीकाठ सोडून पठारावर चढलात की मात्र राजाची पट्टी संपते. आता पायाखाली काय आहे? दोन्ही बाजूंना गिलाव्याशिवाय रचलेल्या दगडांच्या बुटक्या भिंती, मध्ये गवताळ गाडीवाट. ही बहुतेक वेळा गावाच्या मालकीची ग्रामवाट असते. इथे कायदा आणखी गमतीदार होतो. सरकारी रस्ता कुणी कितीही वर्षं बळकावला तरी त्याचा होत नाही. ग्रामवाटेला ते संरक्षण नाही. शेजारच्या शेतकऱ्याने ती नांगरून आपल्या शेतात घेतली, तीस वर्षं उघडपणे वापरली आणि कुणी हरकत घेतली नाही, तर ती त्याची होऊ शकते. युद्धानंतर यंत्रांची शेती आली, तुकड्यातुकड्यांची शेतं जोडून मोठी केली गेली, तेव्हा कितीतरी वाटा आणि त्यांच्या कडेची झुडपांची कुंपणं अशी नकाशावरून पुसली गेली.

मग वाट ही वाट आहे हे सिद्ध कसं करायचं? कायदा म्हणतो, लोक तिच्यावरून ये-जा करत असतील तर ती लोकांसाठीच आहे असं धरून चाला. म्हणजे सहलीला आलेल्या, पाठीवर पिशवी आणि हातात पाव घेतलेल्या माणसाची पावलं हा चक्क पुरावा आहे! १९८३ च्या कायद्याने याला आणखी बळ दिलं. प्रत्येक जिल्ह्याने चालण्याच्या वाटांचा आराखडा करायचा, आणि त्यात नोंदलेली ग्रामवाट विकायची झाली तर एक तर ती वाट चालू राहिली पाहिजे, नाहीतर तिच्या बदल्यात दुसरी योग्य वाट दिली पाहिजे. नाहीतर विक्रीच रद्द.

आणि फेब्रुवारी २०२२ च्या कायद्याने गावांच्या हातात एक भन्नाट किल्ली दिली. गावच्या परिषदेने ठराव केला की आपण आपल्या सगळ्या वाटा मोजणार, तर त्या क्षणी तीस वर्षांचं ते घड्याळ बंद पडतं. मोजणीसाठी दोन वर्षांपर्यंतचा वेळ. तेवढ्या काळात जुने जमीन-नकाशे काढायचे, म्हाताऱ्यांना विचारायचं, काटेरी झुडपांत शिरून पाहायचं, आणि आतापर्यंत हरवलेली एखादी वाट अजून आपलीच आहे का ते शोधून काढायचं.