टिकटिक का थांबते?

कायमची बंद पडलेली गाडी दुरुस्त करणं सोपं. अवघड असते ती अधूनमधून बंद पडणारी. पहिलीचा दोष जागच्या जागी बसून असतो. दुसरीचा दोष गॅरेजच्या दारात शिरताच नाहीसा होतो. मालक काकुळतीने सांगतो, ‘घाटात दोनदा दगा दिला हो!’ मेकॅनिक किल्ली फिरवतो आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं. दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरलेल्या रुग्णासारखा मालकाचा चेहरा होतो.

जुन्या ब्रिटिश गाड्या जपणाऱ्या हौशी मंडळींना हा अनुभव चांगला परिचयाचा आहे. मॉरिस मायनरचंच उदाहरण घ्या. अलेक इसिगोनिस यांनी घडवलेली ही गोलमटोल गाडी १९४८ साली इंग्लंडात अवतरली. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने ती ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने काढली. तिचा फ्युएल पंप विजेवर चालतो. पुढच्या काळात आपल्या रस्त्यांवर राज्य करणाऱ्या पद्मिनीचा पंप इंजिनच हलवत असे. मायनरचा पंप मात्र बॅटरीच्या जिवावर जगतो आणि जगतो आहे हे बोलून दाखवतो. किल्ली फिरवली की बोनेटखालून टिकटिक ऐकू येते. कार्बुरेटरची वाटी भरली की ती मंदावते, थांबते. इंजिन पेट्रोल प्यायला लागलं की पुन्हा सुरू होते.

या टिकटिकीमागचं यंत्र मोठं साधं आहे. एक पातळ पडदा, त्याला जोडलेला लोखंडी तुकडा, भोवती तारेचं वेटोळं आणि दोन छोटे पॉइंट. पॉइंट जुळले की वेटोळ्यात चुंबकत्व येतं, पडदा मागे ओढला जातो, टाकीतलं पेट्रोल आत येतं. पडदा टोकाला पोचला की पॉइंट आपोआप उघडतात, चुंबकत्व जातं आणि स्प्रिंग पडद्याला पुढे ढकलते. पेट्रोल कार्बुरेटरकडे जातं. पुन्हा पॉइंट जुळतात. दर वेळी पॉइंट उघडताना बारीकशी ठिणगी पडते आणि वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी ते काळवंडतात. मग पंप रुसतो. अशा वेळी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने त्याच्या अंगावर हलकासा ठोका मारायचा, की स्वारी चालू! जगभरच्या मायनरवाल्यांना हा मंत्र पाठ आहे. पण याच मंत्राने माझ्या एका स्नेह्यांना दीड वर्ष चकवलं.

स्नेही पुण्याचे, गाडी त्यांच्या वडिलांची. गंजून गेलेली ती मायनर त्यांनी निवृत्तीचे पैसे घालून नव्यासारखी करून घेतली. पत्रा, रंग, गाद्या, सगळं. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात ती पहिल्यांदा थांबली. पंप ठोकला, चालू झाली. शहरातल्या एका लहानशा वर्कशॉपमधून त्यांनी पंप दुरुस्त करून आणला. दोन महिने सुरळीत गेले आणि गाडी पुन्हा घाटात थांबली. दुसरा पंप बसवला, सहा आठवडे. तिसरा थेट इंग्लंडहून मागवला. तोही तितकेच दिवस. वहिनींनी गाडीत बसणं सोडलं. मुलगा म्हणाला, ‘बाबा, विकून टाका.’ आणि वर्कशॉपवाल्याबद्दल ‘जुनाच माल पुसून देतो’ अशी कुजबुज त्यांच्या मित्रमंडळीत सुरू झाली. दोष सापडत नसला की माणूस सापडतो!

अखेर गाडी एका वृद्ध ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे गेली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘साहेब, गाडी थांबते तेव्हा पंप वाजत असतो का?’ प्रश्न साधा, पण निम्मी वाट त्यातच सरते. पंप जोरजोरात वाजतो आहे आणि पेट्रोल येत नाही, तर दोष पेट्रोलच्या वाटेवर: नळीत हवा शिरली असेल किंवा उन्हाने पेट्रोलची वाफ झाली असेल. पूर्वी बोरघाटात फ्युएल पंपावर ओली फडकी टाकून बसलेली कुटुंबं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही वाफ ठाऊक आहे. पंप मुका झाला असेल आणि कार्बुरेटरची वाटीही रिकामी असेल, तर मात्र संशय विजेवर. इथे पंप मुका होता. दुसरा प्रश्न: ‘डॅशबोर्डवरचा लाल दिवा तेव्हा लागतो का?’ तो दिवा, इग्निशन कॉइल आणि पंप यांना करंट एकाच किल्लीतून मिळतो. दिवा लागत होता. म्हणजे किल्ली निर्दोष.

‘पण मीटर तर बारा व्होल्ट दाखवतो,’ स्नेही म्हणाले. म्हातारबुवा हसले. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे गंजलेल्या, केसाएवढ्या जोडातूनही तो पुरे बारा व्होल्ट दाखवतो. त्याच तारेला ब्रेकलाइटचा २१ वॉटचा बल्ब लावा. त्याला पावणेदोन अँपिअर लागतात. जोड कच्चा असेल तर बल्ब मिणमिणतो आणि खरं काय ते कळतं. त्यांनी बल्ब लावला, तो लख्ख पेटला. पण एवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही, कारण गाडी त्या वेळी चालू होती. निरोगी माणसाला तपासून रोग कसा कळणार?

मग त्यांनी दोन लहान बल्ब डॅशबोर्डखाली बांधले. एक पंपाकडे येणाऱ्या तारेपासून गाडीच्या सांगाड्याला. दुसरा पंपाच्या अंगापासून सांगाड्याला. पहिला नेहमी पेटलेला हवा, दुसरा नेहमी विझलेला. आणि बजावलं, ‘बंद पडली की ठोकायचं नाही. आधी दिवे बघायचे.’

चौथ्या फेरीला गाडी थांबली. दोन्ही बल्ब पेटलेले होते! म्हणजे करंट पंपापर्यंत पोचत होता, पंपातूनही जात होता. परतीची वाट, ज्याला मेकॅनिक ‘अर्थ’ म्हणतात, ती तुटली होती. म्हातारबुवा सोबतच होते. त्यांनी एका तारेचं टोक पंपाच्या अंगाला घट्ट बसवलं आणि दुसरं, पेट्रोलपासून लांब, बॅटरीच्या अर्थला टेकवलं. टिकटिक सुरू झाली.

अर्थचा बोल्ट उघडला तर त्याखाली नव्या रंगाचा जाड, चकचकीत थर. रंगातून वीज जात नाही. बोल्टचे आटे कुठेतरी धातूला टेकत होते, तेवढ्यावर सगळा संसार चालला होता. इंजिन तापलं, घाटात गचके बसले की तो स्पर्श सुटे. पंपाला ठोका मारला की बोल्टही हलून पुन्हा टेके. आणि प्रत्येक नवा पंप बसवताना बोल्ट सोडून आवळला जाई, आटे खरवडले जात, काही आठवडे बरे जात. ‘नव्या पंपाने गुण आला’ असं सर्वांना वाटे. रंग खरवडून बोल्ट पुन्हा बसवायला दहा मिनिटं लागली.

बँकेत असताना आम्ही याला ‘कॉम्पेन्सेटिंग एरर’ म्हणत असू. एका खात्यात पाचशे जास्त, दुसऱ्यात पाचशे कमी. बेरीज बरोबर येते आणि सगळे समाधानाने घरी जातात. न सापडणारा फरक ‘सस्पेन्स’ खात्यात टाकायची सोयही असे. पण जुने हेडक्लार्क सांगत, फरक मिटणं वेगळं आणि फरक सापडणं वेगळं. तो सापडेपर्यंत काउंटरवरच्या एखाद्या गरीब कॅशियरकडे सगळे तिरक्या नजरेने पाहत राहतात.

आजच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो, त्याची टिकटिक नसते. दोष झालाच तर गाडीतला संगणक त्याचा कोड नोंदवून ठेवतो. ही सोय मोठीच. पण कोड फार तर कोणत्या सर्किटमध्ये बिघाड आहे ते सांगतो. कोणत्या बोल्टखाली रंग आहे ते माणसालाच शोधावं लागतं.

स्नेह्यांची मायनर आता खंबाटकी चढते, वहिनीही बसतात. काढून ठेवलेले दोन पंप कपाटात आहेत, दोन्ही ठणठणीत. स्नेह्यांनी एक काम मात्र आवर्जून केलं. त्या वर्कशॉपमध्ये जाऊन, चार गिऱ्हाइकं उभी असताना, ‘तुमच्या पंपात काही दोष नव्हता’ असं मोठ्याने सांगितलं. वर्कशॉपवाल्याने हात पुसले, चहा मागवला आणि एवढंच विचारलं, ‘मग होतं काय?’