बैल कुणाचा आणि हसू कुणाचे?

बोरगावच्या आमच्या घरी माळ्यावर जुन्या दिवाळी अंकांचा एक गठ्ठा होता. कसरीने कडा खाल्लेला, तंबाखूचा वास लागलेला. गेल्या मे महिन्यात तो खाली काढला आणि कथा वाचण्याआधी चित्रेच पाहत बसलो. त्यांत खेड्यावरची चित्रे पुष्कळ: सरपंच, बैल, आभाळाकडे पाहणारा शेतकरी. ही चित्रे कोणासाठी काढलेली असतील, असा प्रश्न पडला. त्याचाच हा थोडा विचार.

प्रथम एक भेद सांगितला पाहिजे. राजकारणावर किंवा समाजावर टीका करते ते व्यंगचित्र आणि निर्भेळ हसवते ते हास्यचित्र, असा फरक आपल्याकडे केला जातो. मासिकातील चित्र बहुधा दुसऱ्या प्रकारचे. एकच चौकट, खाली फार तर एखादी ओळ. त्या काळी चित्राचा जस्ताचा ब्लॉक करून तो खिळ्यांबरोबर छापत. म्हणून रेषा मोजकी व ठळक असावी लागे. आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या भाषेत, थोडक्या भांडवलावर मोठा नफा!

ह्या कलेतील एक मोठे नाव आपल्याच मातीतले आहे, हे कितीजणांना ठाऊक असेल? शि. द. फडणीस ह्यांचा जन्म २९ जुलै १९२५ रोजी भोज येथे झाला. भोज आज आपल्याच निपाणी तालुक्यात आहे. १९५२ च्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकाच्या त्यांच्या मुखपृष्ठावर एक तरुण व एक तरुणी शेजारी उभी आहेत. एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. शब्द एकही नाही. १९५६ साली हा भाग म्हैसूर राज्यात गेला, पण शब्दच नसलेल्या चित्राला सीमा कसली? कन्नडमध्येही रा. शि. ह्यांनी १९४२ साली ‘कोरवंजी’ हे विनोदी मासिक सुरू केले आणि आर. के. लक्ष्मण ह्यांची चित्रे त्यात येत.

आता मूळ प्रश्न. गठ्ठ्यातील दोन चित्रे मी आजोबांना दाखवली. पहिल्यात पागोटेवाला शेतकरी शहरातल्या दुकानात बैलासाठी हिरवा चष्मा मागतो आहे, म्हणजे वाळका कडबा बैलाला हिरवा दिसेल. बाहेर बैलगाडी उभी. खालचा संवाद मी वाचून दाखवला. आजोबा हसले नाहीत.

“आरं, ह्यानं जू शिंगावर ठिवलंय की! मानंवर असतंय न्हवं?” मग थोडे थांबून म्हणाले, “बाहात्तर साली कडबाच न्हवता, म्हणून बैल इकला आम्ही.”

दुसऱ्या चित्रात भेगाळलेली जमीन. शेतकरी कपाळावर हात धरून आभाळाकडे पाहतो आहे आणि शेजारी बैलही तशीच मान वर करून पाहतो आहे. खाली काहीही लिहिलेले नाही. आजोबा पोट धरून हसले. “हे खरं हाय. त्यो बी असाच बघायचा.”

दुष्काळ दोन्ही चित्रांत आहे. पहिल्यात शहरातील वाचक शेतकऱ्याला हसतो. दुसऱ्यात शेतकऱ्याला स्वतःला हसता येते. खेडे पाहिलेला चित्रकार कोणता आणि ऐकलेला कोणता, हे आजोबांनी जुवावरून ओळखले.

मित्रहो, आपल्या घरी असे जुने अंक असतील तर ते रद्दीत किलोवर घालण्याआधी एकदा चाळा आणि घरातील वडीलधाऱ्यांना दाखवा.