कंपासपेटीतला अँप आणि मिरजेची जवारी

शाळेची पत्र्याची कंपासपेटी रिकामी केली, की तिच्यात हेडफोनचा बऱ्यापैकी अँप्लिफायर बसतो. आठ पायांची एक ऑप-अँप आयसी, मूठभर रेझिस्टर, पाच-सहा कपॅसिटर, आवाज कमी-जास्त करायचा पॉट, साडेतीन मिलिमीटरचे दोन जॅक आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एवढाच ऐवज. पेटीची खोली मात्र आधी मोजून घ्यावी. बॅटरी साडेसतरा मिलिमीटर जाडीची असते, आणि काही पेट्यांचं झाकण तिच्यावर बसत नाही.

मूळ आराखडा चू मॉय नावाच्या अमेरिकी हौशी माणसाचा. त्याच्या नावावरून या यंत्राला ‘सीमॉय’ म्हणू लागले. तिकडे ते आल्टॉइड्स या पुदिन्याच्या गोळ्यांच्या डबीत बसवायची रीत पडली. आपल्याकडे ती डबी सहज मिळत नाही, कंपासपेटी मात्र घरोघरी धूळ खात पडलेली असते. शिवाय पत्र्याला काम आहे. तो ग्राउंडला जोडला की शेजारच्या मोबाइलची टिकटिक आणि घरातल्या वायरिंगची गुणगुण बरीचशी बाहेरच अडते. झाकणाला आतून इन्सुलेशन टेप लावायला मात्र विसरू नये, नाहीतर सांधे पत्र्याला टेकतात आणि बॅटरी तापते.

याची गरज काय, असं घरचे विचारतात आणि ते रास्तच आहे. ३२ ओहमचे साधे इअरफोन मोबाइल आरामात वाजवतो. ३०० ओहमचे मोठे हेडफोन असले तर अँपने फरक पडतो, पण ते किती जणांकडे असतात? तेव्हा हा खटाटोप गरजेपोटी होत नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं. तसं पाहिलं तर हेडफोनचा जन्मच घरगुती आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथनिएल बाल्डविनने आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि १९१० मध्ये ते अमेरिकी नौदलाला विकले. नौदलाने आणखी मागितले, तेव्हा जागेअभावी तो एका वेळी थोडेच देऊ शकत होता. परदेशी वस्तू आपल्या हातांनी करून बघायची खोड आपल्याही भागात जुनी आहे. सातारा जिल्ह्यातल्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आठवावा, किंवा सांगलीतली किर्लोस्करवाडी.

सुटे भाग आणायला सातारा-सांगलीचा हौशी माणूस पुणे गाठतो. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत रेझिस्टर नगावर न विकता शेकड्यावर विकतात, त्यामुळे दोन हवे असताना शंभर घरी येतात आणि पुढच्या अँपची बेगमी आपोआप होते.

रचनेतली खरी गंमत बॅटरीपाशी आहे. ऑप-अँपला शून्याच्या वर आणि खाली असे दोन्ही बाजूंचे व्होल्ट लागतात, बॅटरी तर एकच. मग दोन सारखे रेझिस्टर ओळीने जोडून नऊचे साडेचार-साडेचार करायचे आणि मधल्या बिंदूलाच शून्य मानायचं. त्या मानलेल्या शून्याला आधार म्हणून २२० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर. आवाज किती पट वाढणार हेही दोन रेझिस्टर ठरवतात. मूळ आराखड्यात १० आणि १ किलोओहम, म्हणजे अकरा पट. आजच्या इअरफोनला हे फार होतं. पॉट जरासा फिरवला की कानठळ्या बसतात आणि पॉटच्या तळाशी डावा-उजवा आवाज सारखा राहत नाही. दहाच्या जागी ३.३ घातला की साधारण चार पट होतं, तेवढं पुरे.

डाग देणं हे हाताचं काम. ६३-३७ मिश्रणाचं कथील १८३ अंशांवर वितळतं. आधी सांधा तापवायचा आणि कथील सांध्याला लावायचं, सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला म्हणजे बिटला नव्हे. राळेचा धूर वर येतो, कथील पायाभोवती पसरतं, आणि बिट काढल्यावर गार होताना क्षणभर काहीही हलू द्यायचं नाही. डाग चकचकीत आणि पायाला चढलेला दिसला तर काम झालं. मळकट गोळी होऊन बसला तर ते ड्राय सोल्डर. आज वाजेल, पावसाळ्यात खरखरेल.

यानंतर वाद सुरू होतात. एक आयसी काढून दुसरी बसवली की आवाज ‘उबदार’ होतो, अमुक कपॅसिटरने ‘पडदा उघडतो’, असं मानणारे पुष्कळ. या मंडळींना २०११ मध्ये एकाने चांगलंच धारेवर धरलं. त्याने खरं नाव कधीच सांगितलं नाही, ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावाने तो लिहायचा. मोजमापात जे दिसत नाही ते कानालाही ऐकू येत नाही, अशी त्याची भूमिका. ती नुसती न मांडता त्याने ‘ओ-टू’ नावाचा अँप रचला, आराखडा सगळ्यांना फुकट दिला आणि २०१२ मध्ये तो लिहायचाच थांबला. ओ-टू आजही बनतो.

मीटर खरा की कान खरा, हे भांडण सांगलीला नवं नाही. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल यांचे बंधू कृष्णाजी बल्लाळ देवल निवृत्तीनंतर श्रुतींच्या, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांच्या, मागे लागले. गवई अब्दुल करीम खाँनी गायचं आणि देवलांनी तारेची लांबी मोजून तो स्वर आकड्यात धरायचा, असे प्रयोग त्यांनी केले. बावीस श्रुतींवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९१० चं. पुढे ई. क्लेमेंट्स या आय.सी.एस. अधिकाऱ्याच्या साथीने खास श्रुती-हार्मोनियमही तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण जाणकारांना ती पटली नाही. गवयाचा स्वर रागागणिक हलतो, पेटीची पट्टी हलत नाही. मला यात देवलांचा पराभव दिसत नाही. मोजायला कुणीतरी बसल्याशिवाय काय मोजता येत नाही तेही कळत नाही.

खाँसाहेब मिरजेत राहत, आणि १९३७ मध्ये गेल्यावर त्यांचं दफनही तिथल्या दर्ग्यातच झालं. वाद्यदुरुस्तीत त्यांचा स्वतःचा हात होता. ते साहजिकच म्हणायचं, कारण ज्या गावात ते राहत होते ते गाव तंबोऱ्यांचं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांपासून एकोणिसाव्या शतकात इथे सतार-तंबोरे होऊ लागले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, लाकूड तुणीचं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

तंबोऱ्याचा सगळा जीव घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर. तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला किंचित उतार असतो. कानशीने आणि मग बारीक पॉलिश पेपरने कारागीर तो घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवत जातो. एका जागी तार मुकी वाटते आणि केसभर पुढे गेलं की ती झणझणत बोलू लागते. यालाच जवारी काढणं म्हणतात. तार माथ्याला हलके चाटत राहते, म्हणून एका स्वरातून स्वरांची रांगच उभी राहते. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्यांचा स्थिरबिंदू येतो ते उपस्वर उठू नयेत, असा युरोपीय शास्त्रज्ञांचा नियम. तंबोऱ्यात ते उठतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे जवारीचं शास्त्र आहे, पण ती काढायला मीटर लागत नाही.

हेडफोनच्या छंदात जवारीच्या सगळ्यात जवळ जाणारं काम अँपमध्ये नाही, ते हेडफोनच्या कानावर बसणाऱ्या कपात आहे. ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, तयार घ्यायचा आणि लाकडी कप कातारीकडून कातून आणायचे. मग १२०, २२०, ४०० असे पॉलिश पेपर चढत्या क्रमाने, दर वेळी रेषेच्या दिशेनेच. शेवटी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या पुरचुंडीने पातळ हात द्यायचे. एक वाळल्यावरच दुसरा. हे सगळं डोळ्यांचं आणि बोटांचं सुख, आवाजाशी त्याचा संबंध थोडाच. सागवानाऐवजी शिसव घेतल्याने काय बदलतं यावर लोक तासन्‌तास बोलतात. कानाची गादी बदलली तर त्याच्या कितीतरी पट बदलतं. गादी आणि गाल यांच्यात फट राहिली की खालचे स्वर निघून जातात. चष्मा लावणाऱ्यांना याचा अनुभव असतोच.

कप बंद करण्याआधी, म्हणजे पाठीमागची जाळी कायमची चिकटवण्याआधी, एक संध्याकाळ राखून ठेवावी. ड्रायव्हरच्या मागच्या भोकांवर कागदी टेपचे तुकडे लावायचे, एकेक काढत जायचं, आत कापसाचा विरळ पापुद्रा घालायचा, अर्धा उपसायचा. मोजायला छोटा मायक्रोफोन असला तर उत्तम, तोही वापरावा. निदान डावा-उजवा सारखा आहे का हे तो चोख सांगतो. पण अखेरची टेप कुठली ठेवायची ते मी तंबोऱ्याच्या रेकॉर्डिंगवर ठरवतो. खर्ज घुमला पाहिजे आणि तरी जोडाच्या तारा त्याखाली दबता कामा नयेत. कापूस जास्त झाला की खर्ज शहाणा होतो, पण झणकार मरतो. कमी पडला की सगळं तंबोऱ्याच्या भोपळ्यातच बसून ऐकल्यासारखं. चिमूटभर इकडे-तिकडे करत राहावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी ऐकून मगच जाळी चिकटवावी. आयसी बदलण्यात घालवायचे पैसे वाचवून त्यात गादीचे दोन-तीन जोड आणावेत.