शिधापत्रिकेवर दोघींची नावे

हा आपला विषय नव्हे, असे काही बांधव आम्हाला सांगतात. पण लैंगिक प्रश्नांची उत्तरे छापल्याबद्दल र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनीच घेतले होते!

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क नाकारून प्रश्न कायदेमंडळावर सोडला. विवाह समवर्ती सूचीत आहे. राज्यही कायदा करू शकते. परंतु २०२४ साली आपल्या विधानसभेवर २८८ पैकी स्त्रिया निवडून आल्या फक्त २१. बाईचाच आवाज जिथे इतका क्षीण, तिथे एकत्र राहणाऱ्या दोघींचे गाऱ्हाणे मांडणार कोण?

त्याच वर्षी केंद्राने राज्यांना कळवले की, शिधापत्रिकेसाठी अशा जोडप्याला एकच कुटुंब धरावे. आमदार दारी येतील तेव्हा, माता-भगिनींनो, नळाबरोबर हेही विचारा : आमच्या रेशन कचेरीत हे पोचले का?