दोन रंगांचं जुनं जीएमटी घड्याळ: सोनं किती, ते नंतर बघू

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावर. त्यांना वापरलेलं रोलेक्स जीएमटी-मास्टर टू मिळतंय. मॉडेल १६७१३, स्टील आणि पिवळं सोनं. विचारतात, "यात सोनं आहे तरी किती?"

आपल्याकडे हा प्रश्न आधी येणारच! सोनं १८ कॅरेटचं आहे, पण ते काचेभोवतीच्या फिरत्या कडेला, चावीला आणि पट्ट्याच्या मधल्या कड्यांना. बाकी केस स्टीलची. वजनावर हिशोब कराल तर घड्याळ महागच वाटेल. पैसे जातात ते यंत्राचे आणि मूळ भागांचे. म्हणून आधी काटे फिरवून बघा.

पहिलं जीएमटी-मास्टर १९५० च्या दशकात पॅन अॅमच्या वैमानिकांसाठी आलं. त्याला एक जादा काटा, २४ तासांत एकच फेरा मारणारा. १६७१३ मध्ये चावीचा आटा सोडवून ती एक टप्पा ओढली, की फक्त तासकाटा एकेका तासानं उडी मारतो, पुढेही आणि मागेही. बाकीचे काटे आपले चालूच. बऱ्याच नकलांमध्ये तासकाट्याऐवजी चोवीस तासांचा काटा उडतो. असं दिसलं तर चहा प्या आणि निघा.

मग तबकडी. १९९० च्या दशकात बराच काळ खुणांवर ट्रिटियम असायचं, सहाच्या खुणेखाली बारीक 'टी' छापलेला. ट्रिटियम सव्वाबारा वर्षांत निम्मं होतं. त्यामुळे 'टी'वाली तबकडी आज अंधारात लख्ख उजळली, तर रंग नंतर भरलाय. चालेल, पण मग भाव मूळ तबकडीचा देऊ नका. पट्टा आडवा धरून झोळ किती पडतो तेही बघा.

आता एक अडचण, खास आपली. तासकाटा पूर्ण तासांनीच हलतो, मिनिटकाटा एकच, आणि भारत ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे! लंडनला उतरून तिथली मिनिटं लावलीत, की घरची वेळ वाचताना अर्धा तास मनातच धरायचा. दुबईलाही तेच. लंडन-न्यूयॉर्क करणाऱ्याला हे घड्याळ जितकं सोयीचं, तितकं पुणेकराला नाही. मला तरी हा अर्धा तास खटकतो. तुम्हाला चालत असेल, तर टोकन देण्याआधी पट्टा काढायला लावा. सहाच्या बाजूला केसवर सिरियल नंबर असतो, तो कागदांशी जुळवा. विक्रेता पट्टा काढायला टाळाटाळ करत असेल तर टोकन खिशातच राहू द्या.