कुळे स्थानकाची कैफियत

मुरगावहून निघालेली आगगाडी सह्याद्रीच्या पायथ्याशी जेथे दम घेते, ते कुळे. पुढे कॅसलरॉकपर्यंतचा घाट सुमारे चाळीसास एक अशा चढाचा. जादा इंजिने जोडल्याखेरीज तो सर होत नाही. एका रानगावास रेल्वेच्या इतिहासात स्थान मिळाले ते या चढामुळे, आणि तितकेच राजकारणामुळे.

१८७८ साली ब्रिटिश व पोर्तुगीज सरकारांत झालेल्या तहातून हा लोहमार्ग जन्मास आला. गोव्याच्या मिठावरील नियंत्रण इंग्रजांच्या हाती गेले, त्याबदल्यात पोर्तुगीजांना वार्षिक चार लक्ष रुपये ठरले. मिठागरांवर पोट असलेल्यांना हा सौदा किती महाग पडला, हे सांगणे नलगे! १८८८ मध्ये गाडी घाट चढून गेली. तह मात्र १८९२ मध्येच संपुष्टात आला आणि त्याने दूर केलेली जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली. पोर्तुगीजांची झडती कुळे येथे, इंग्रजांची कॅसलरॉक येथे. पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या गोमंतकीयांच्या कित्येक पिढ्यांनी या फलाटावर आपल्या ट्रंका उघडून दाखविल्या आहेत.

२९ सप्टेंबर १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया पुन्हा गोव्यात येत असता पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना याच स्थानकावर अटक केली व अग्वादच्या किल्ल्यात डांबले. मडगावच्या १८ जूनच्या सभेचे स्मरण आपण दरवर्षी करतो. कुळे येथील या प्रसंगाचे किती जणांना होते?

१९५५ मध्ये सीमा बंद होऊन वाहतूक थांबली, मुक्तीनंतर ती पूर्ववत झाली. १९९०च्या दशकात मीटर गेजही गेले. आज कुळे म्हटले की डोळ्यांपुढे येतात त्या दूधसागरकडे धावणाऱ्या जिपा, नाहीतर कोळशाच्या वाघिणी. कॅसलरॉक-कुळे दुपदरीकरणास मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. अरण्याच्या बाजूने झालेला हा निर्णय आम्हांस रास्तच वाटतो. परंतु रुळांवरील या वादात स्थानकाची गोष्ट फारशी कोणी काढीत नाही.

आमचे म्हणणे एवढेच की, दुसरा रूळ पडो वा न पडो, रेल्वे व राज्याचे पुराभिलेख खाते यांनी या स्थानकाचे जुने नकाशे, नोंदी व बांधकामे यांची एकत्र पाहणी करावी. लोहियांच्या अटकेची हकीकत उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशास ठळकपणे वाचावयास मिळावी. घाटात वाफेची इंजिने हाकलेली माणसे आता थोडीच उरली असतील. त्यांच्या आठवणी टिपण्याचे काम तरी येत्या पावसाळ्यापूर्वी हाती घ्यावे.